ओव्हरलॉक घेण्याआधी कडा मोजा

मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय. घरी हाफ शटलचं मशीन आहे, मोटर लावलेली, पण सरळ टीपच येते. स्वतःचे आणि दोन मुलींचे कपडे त्या शिवतात, शेजारणींचे गाऊन-परकरही अधूनमधून येतात. महिन्याला साधारण 5 गाऊन आणि 3 ब्लाउज. धुतल्यावर कडांचे दोरे निघतात म्हणून मालवणात इंटरलॉकला, म्हणजे कडा मशीनवर दोऱ्यांनी गुंफून घ्यायला, द्यावं लागतं, गाऊनला 20 रुपये, ब्लाउजला 10. व्हिडिओत बायका दोऱ्याचे चार मोठे कोन लावलेल्या ओव्हरलॉक मशीनवर कापड सर्रकन फिरवतात आणि आतून अगदी दुकानातल्यासारखं दिसतं. त्या मशीनची किंमत त्यांना 24 हजार सांगितलीय. दुसरा दुकानदार तीन दोऱ्यांचं छोटं मशीन मोटर-स्टँडसकट 9 हजारांत देतो म्हणतोय. घ्यावं का, आणि घेतलं तर कुठलं?

ताई, मी कुडाळात 27 वर्षं शिवतेय, त्यातली 16 वर्षं क्लासही घेते. दुकानात मोठं ओव्हरलॉक आहे, घरी छोटं तीन दोऱ्यांचं आहे, आणि मध्ये चार वर्षं घरगुती चार दोऱ्यांचंही होतं. ते मी विकलं. का विकलं ते पुढे येईलच. उत्तर मात्र आधीच सांगून टाकते: 24 हजारांचं आत्ता घेऊ नका. 9 हजारांचं घ्यायचं की नाही ते तुमच्या वहीवर ठरेल, आणि ती वही तुम्ही अजून लिहायला घेतलेली नाही.

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं तेव्हा मला त्यात दोन वेगळ्या तक्रारी दिसल्या. एक, कडा विरतात. दुसरी, आतून दुकानातल्यासारखं दिसत नाही. पहिलीवर साध्या मशीनवर होण्यासारखे तीन-चार उपाय आहेत आणि त्यातला एक तर ओव्हरलॉकपेक्षा टिकाऊ आहे. दुसरीवर उपाय ओव्हरलॉकच, कारण दुकानातलं म्हणजे ओव्हरलॉक केलेलंच असतं. तेव्हा खरं काय सलतंय ते आधी स्वतःशी ठरवा. दिसण्यासाठी घ्यायचं असेल तर त्यात वाईट काही नाही. मात्र तो हौसेचा खर्च म्हणून धरा, बचतीचा म्हणून नको.

आता नावांचा गोंधळ निस्तरते. अमेरिकेतल्या व्हिडिओत ज्याला सर्जर म्हणतात ते आपलं ओव्हरलॉक. आपल्या बाजारात त्यालाच इंटरलॉक म्हणतात, ‘ताई, इंटरलॉक मारून देऊ?’ असंच विचारतात. पिको वेगळं. ते साडीच्या, ओढणीच्या कडेला बारीक दाट नागमोडी टाक्याने गुंडाळत जातं. टी-शर्टच्या खालच्या घडीवर ज्या दोन समांतर टिपा दिसतात ते तिसरंच, त्याला फ्लॅटलॉक म्हणतात, आणि ते साध्या ओव्हरलॉकवर होत नाही. हे सगळं सांगतेय कारण क्लासमधल्या एकीने ओव्हरलॉक घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारलं, “बाई, ह्याच्यात काजं कुठून पडतात?” काजं पडत नाहीत, चेन लागत नाही, गळा वळत नाही, वरून दाबटीप येत नाही. जुनं मशीन घरात राहणारच आहे, हे शेजारी बसणारं दुसरं मशीन आहे. म्हणजे जागाही दुसरी लागणार.

दुकानातून आणलेल्या एखाद्या कुर्त्याची आतली कड उजेडात धरून बघा. कडेपासून थोडं आत एक सरळ दोरा दिसेल, तो सुईचा. कडेवरून वर-खाली जाणारी वेटोळी दिसतील, ती दोन लूपरची, म्हणजे सुईशिवाय दोरा फिरवणाऱ्या दोन आकड्यांची. वरचा लूपर आपला दोरा कापडाच्या वरच्या अंगाने कडेपर्यंत आणतो, खालचा खालच्या अंगाने आणतो, आणि नेमके कडेवर दोघे एकमेकांत अडकतात. बॉबिन नाही, त्यामुळे मध्येच संपायचा प्रश्न नाही. आणि सुईच्या जरासं पुढे पातं आहे, एक स्थिर आणि एक हलणारं. कापड टाक्याखाली जाण्याआधीच कड छाटली जाते, म्हणून ती इतकी नेटकी दिसते. घरगुती ओव्हरलॉक मिनिटाला 1300 च्या आसपास टाके घालतं, कारखान्यातलं 5000 च्या वर. व्हिडिओतलं ते सर्रकन जाणं खोटं नाही.

तीन दोऱ्यांत एक सुई आणि दोन लूपर. चार दोऱ्यांत सुया दोन, त्यातली आतली सुई शिवण धरून ठेवते. तीन दोऱ्यांच्या टाक्यावर नुसतंच कापड जोडलंत तर ओढल्यावर शिवण फाकते, आतला दोरा शिडीसारखा दिसायला लागतो. म्हणून आपल्याकडे आधी साध्या मशीनवर टीप आणि मग कडेला ओव्हरलॉक, असंच चालतं. चार दोऱ्यांचं मशीन जोडणं, छाटणं, कड झाकणं हे तिन्ही एका फेरीत करतं. व्हिडिओतली बाई ते करतेय.

आणि इथेच आपलं शिवण आणि तिचं शिवण वेगळं पडतं. ती जे शिवते त्यात माया, म्हणजे शिवणीबाहेर राखलेलं जास्तीचं कापड, ठेवायची नसते. तीन सुतांत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) काम संपलं, उरलेलं पात्याने कापलं आणि डब्यात टाकलं. आपला ब्लाउज तसा शिवून चालेल का? आपण बगलेखाली इंच-दीड इंच माया ठेवतो, शेजारी शेजारी तीन टिपा मारतो, कारण तोच ब्लाउज बाळंतपणानंतर एक टीप उसवून घालायचा असतो आणि दहा वर्षांनी मुलीच्या अंगाला आत घ्यायचा असतो. गाऊनलाही बायका सांगतात, “जरा आत ठेव गो, अंग सुटतंय.” ज्या शिवणात माया ठेवायची तिथे ओव्हरलॉकचं जोडण्याचं कौशल्य उपयोगाचं नाही, ते फक्त मायेच्या बाहेरच्या कडेवर फिरणार. थोडक्यात, चार दोऱ्यांच्या मशीनचे पैसे मोजायचे आणि काम तीन दोऱ्यांचं घ्यायचं. मी माझं विकलं त्याचं अर्धं कारण हे. माझ्याकडे येणाऱ्या दहा कपड्यांत आठ ब्लाउज.

अस्तराच्या ब्लाउजमध्ये तर बघायलाच नको. गळा, पुढची पट्टी सगळं अस्तर उलटवून आत जातं. उघडी कड उरते ती बगलेच्या मायेची आणि मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतो त्या गोलाईची. तेवढ्याला 10 रुपये देऊन मोकळं व्हावं.

आता विरणाऱ्या कडांकडे येऊ. तुम्ही गाऊन कसल्या कापडाचे शिवता ते लिहिलं नाहीत, म्हणून सगळंच सांगते. सुती पॉपलीन, केंब्रिक, रुबिया यांचे दोरे निघतात पण हळूहळू. जॉर्जेट, क्रेप, सॅटिन यांचे दोरे गुळगुळीत, एकमेकांना धरून राहत नाहीत, ते शिवता शिवताच सुटतात. तिरपं कापलेल्या कडेला त्रास कमी, सरळ कापलेल्याला जास्त. आणि आपल्याकडे एक गोष्ट जास्तीची आहे: धुण्याचा दगड. विहिरीवर किंवा पडवीबाहेर दगडावर आपटून, ब्रशने घासून धुतलेल्या गाऊनची कड वॉशिंग मशीनमधल्या गाऊनपेक्षा कितीतरी लवकर झिजते. ओव्हरलॉकचे दोरे बारीक आणि कडेवर उघडे असतात, ब्रशचा मार थेट त्यांनाच बसतो. ओव्हरलॉक केलेले गाऊन वर्षा-दीड वर्षात कडेला दाढी फुटल्यासारखे झालेले मी पुष्कळ पाहिलेत. गिऱ्हाईक म्हणतं कापड वाईट होतं. कापड बरंच असतं.

त्याच दगडावर जी शिवण टिकते ती फ्रेंच शिवण. मी परकर, पॉपलीनचे गाऊन, झबली या सगळ्यांना तीच करते, दुकानात ओव्हरलॉक समोर असताना सुद्धा. करून बघा: माया पाच सूत ठेवा. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावा, म्हणजे सुलट बाजू बाहेर. नवशिक्याला इथेच वाटतं की आपलं काहीतरी चुकतंय. पहिली टीप कडेपासून तीन सुतांवर. मग माया एका सुतापर्यंत छाटा. छाटायचा कंटाळा केलात तर नंतर सुलट बाजूला केसासारखे दोरे डोकावतील आणि ते काही केल्या जात नाहीत. मग कापड उलटवा, शिवण बोटाने किंवा इस्त्रीने धारेवर आणा आणि दुसरी टीप दोन सुतांवर मारा. कड कायमची आत गेली. तीन अधिक दोन, पाच सूत, हिशोब चुकत नाही. गाऊनच्या दोन्ही बाजूंना मिळून मला वीस मिनिटं जास्त लागतात. मुंढ्याच्या गोलाईला ही शिवण नीट बसत नाही, तिथे त्याच कापडाची तिरपी पट्टी काढून गोट लावा. जाड कापडालाही नको, बोटभर दोर झाल्यासारखं लागतं. तिथे माया दोन बाजूंना उघडून प्रत्येक कड एक सूत दुमडून टीप मारली की भागतं.

नागमोडी कात्री मात्र घेऊ नका. कॉटनला दोन-चार धुण्यांपुरती बरी, जॉर्जेटला काही उपयोग नाही.

तर मग ओव्हरलॉकशिवाय अडतं कुठे? होजिअरीत. टी-शर्ट, लेगिंग, मुलांच्या बनियनी, लायक्राचे पंजाबी सूट. ताणल्यावर साध्या मशीनची टीप तटकन तुटते, ओव्हरलॉकची वेटोळी कापडाबरोबर ताणली जातात. या मशीनचा जन्मच अशा ताणणाऱ्या, निटिंगच्या कापडापायी झाला. अमेरिकेत कनेटिकटमध्ये मेरो घराण्याची 1838 सालची निटिंगची गिरणी होती, तिथल्या कामासाठी त्यांनी 1881 च्या सुमारास हा टाका घालणारं मशीन बनवलं. आणि होजिअरी शिवायची तर चार दोऱ्यांच्या घरगुती मशीनचे पैसे वसूल होतात, कारण त्यात डिफरेन्शियल फीड असतं. खाली कापड सरकवणारे दाते दोन जोड्यांत असतात, पुढची जोडी मागचीपेक्षा जास्त किंवा कमी सरकवता येते. होजिअरीची कड ओढली जाऊन पापडासारखी लाटा मारते, ती यामुळे सपाट राहते. उलट फिरवलं की पातळ जॉर्जेटला चुण्या पडत नाहीत. 9 हजारांच्या छोट्या मशीनवर हा चाप बहुधा नसतोच. तुम्ही होजिअरीचं नावही काढलेलं नाही. मुलींचे टी-शर्ट तुम्ही शिवणार आहात का? बाजारात तयार मिळतात त्या भावात ते शिवणं मला तरी कधी परवडलेलं नाही.

पैशांचा हिशोब तुमच्याच आकड्यांवर मांडते. 5 गाऊनचे 100, 3 ब्लाउजचे 30, महिन्याला 130 रुपये. वर्षाला 1560. 24 हजारांचं मशीन फिटायला पंधरा वर्षांच्या वर. 9 हजारांचं पावणेसहा वर्षांत, दोऱ्याचा आणि दुरुस्तीचा खर्च न धरता. हेच काम 15 गाऊन आणि 10 ब्लाउजवर गेलं तर महिन्याला 400 होतात आणि 9 हजार दोन वर्षांच्या आत सुटतात. मालवणला जायचं एसटीचं भाडं धरायचं का? बाजाराला तसंही जात असाल तर धरू नका. खास इंटरलॉकसाठी जात असाल तर भाडं आणि गेलेला अर्धा दिवस, दोन्ही धरा.

यात एक गोष्ट आकड्यांत बसत नाही, ती म्हणजे थांबणं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात चाकरमानी यायला लागतात, सगळ्यांनाच कपडे चतुर्थीपूर्वी हवे असतात, आणि तेव्हाच मालवणातला इंटरलॉकवाला ‘परवा या’ म्हणतो. तुमचे पाच गाऊन त्याच्याकडे अडकले की शेजारीण तुमच्यावर चिडणार, त्याच्यावर नाही. तुमचं शिवण धंद्याकडे सरकत असेल तर मशीन घेण्याचं माझ्या मते सगळ्यात खरं कारण हेच.

दोऱ्याचा खर्च बायकांना आधी कोणी सांगत नाही. सरळ टिपेला एक मीटर शिवणीत साधारण अडीच मीटर दोरा जातो. तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला एक मीटर कडेला 14 मीटरच्या आसपास जातो. गाऊनच्या प्रत्येक कडेला वेगवेगळं ओव्हरलॉक केलं तर सहा मीटर कड सहज भरते, म्हणजे 80-85 मीटर दोरा एका गाऊनला. छोटी रिळं पुरायची नाहीत, कोनच लागतात, आणि एका रंगाचे तीन. म्हणून मी घरच्या मशीनला पांढरा, काळा आणि एक मातकट असे तीनच रंग ठेवते. सुईचा दोरा सगळ्यात कमी खातो आणि सुलट बाजूला डोकावलाच तर तोच डोकावतो. तेव्हा रंग जुळवायचाच असेल तर फक्त तेवढा बदला, साध्या मशीनचं रीळ चालतं किंवा बॉबिनवर भरून घ्या. लूपर मातकटच राहू देत.

दोरा बदलण्याची भीती घालवायची युक्ती सोपी आहे. जुना दोरा कोनाजवळ कापा, नव्याला गाठ मारा, टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, सैल करून हळूहळू ओढा, लूपरचे दोरे गाठीसकट पार होतात. सुईच्या दोऱ्याची गाठ मात्र नाकापाशी थांबवून कापायची आणि हाताने ओवायचं, नाहीतर सुई वाकते. पण दोरा मध्येच तुटला की पहिल्यापासून ओवावं लागतं, आणि त्याला क्रम आहे: बहुतेक मशीनना आधी वरचा लूपर, मग खालचा, सगळ्यात शेवटी सुई. सुई आधी ओवलेली असताना खालचा लूपर ओवलात तर तो दोरा सुईच्या दोऱ्यात गुंततो आणि दोन टाक्यांत पुन्हा तुटतो. खालच्या लूपरचं भोक पाताळात असतं. माझ्या सासूबाई ते बघून म्हणाल्या होत्या, “गो बाय, साधी सुई ओवूक चष्मो लागता तुका, आणि ह्ये चार दोरे कशे ओवतलंस?” त्यांचं फार चुकलं नव्हतं. पहिले दोन महिने मशीन एका रंगाचं ओवून तसंच ठेवलेलं होतं, पांढऱ्या कपड्याची वाट बघत.

आणि पातं. 2009 च्या मे महिन्यातली गोष्ट. लग्नसराई, रात्रीचे साडेअकरा, नवरीचा ब्रोकेडचा ब्लाउज, हळद दुसऱ्या दिवशी. बगलेच्या मायेवर ओव्हरलॉक मारत होते. बाहीची घडी खालून कधी आत सरकली ते दिसलंच नाही. आवाज जरासा जड झाला, मी पाय काढला, तोवर बाहीला करंगळीएवढी चीर गेलेली. साध्या मशीनवर बाही खाली आली तर टीप उसवायची, पाच मिनिटांचं काम. इथे टीप पडायच्या आत कापड कापलेलं असतं. रात्रभर बसून दोन्ही बाह्यांना चिरेच्या उंचीवर जरीची लेस फिरवली. त्या मुलीने नंतर तशाच लेसचे आणखी दोन ब्लाउज माझ्याकडून शिवून घेतले, तिला ती फॅशन वाटली. मी आजपर्यंत बोललेले नाही. तेव्हापासून डावा हात कायम कापडाच्या खाली ठेवते, आणि टाचण्या ओव्हरलॉकच्या टेबलावर येऊच देत नाही. टाचणी पात्यात गेली की पात्याला खाच पडते, कधी तुकडा लूपरवर जातो. माझ्या चार दोऱ्यांच्या मशीनचं तेच झालं. एका विद्यार्थिनीची टाचणी गेली, लूपरचं टायमिंग, म्हणजे सुईशी असलेला मेळ, हललं, आणि ते लावणारा माणूस मला घाटावर, कोल्हापुरात सापडला. मशीन पावसाळ्याचे दोन महिने तिकडे पडून होतं. विकण्याचं उरलेलं अर्धं कारण ते.

तुम्ही खाडीकाठी राहता, म्हणून हवेचं सांगते. घाटावरच्या बाईला हा परिच्छेद लागणार नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारी हवा. ओव्हरलॉकची पाती, लूपर, सुईचा दांडा सगळं उघडं पोलाद. आणि पात्यामुळे कापडाचा भुसा सतत आत पडत असतो. तो भुसा तेल पितो, मग ओल धरतो, आणि त्याखाली गंज चढतो. काम झालं की ब्रशने भुसा काढायचा, रोज. वर प्लॅस्टिक घालू नका, आत घाम धरतो. जुन्या सुती साडीचा तुकडा घाला. जुलै-ऑगस्टमध्ये काम नसलं तरी आठवड्यातून एकदा चिंधीवर पाच मिनिटं चालवा. तेल शिलाई मशीनचंच, ते पाण्यासारखं पातळ मिळतं ते. घरात खोबरेल आहे म्हणून ते घालणारी बाई मला दरवर्षी एक तरी भेटते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तुमच्या बाटलीतलं खोबरेल गोठतं की नाही? तेच मशीनच्या आत होतं, आणि उन्हाळ्यात त्याचा चिकट थर बसतो. एकदा बसला की रॉकेलने धुऊन काढण्यात दिवस जातो.

विजेचंही बघा. गणपतीची घाई ऐन पावसात, आणि वीज जाते तीही ऐन पावसात. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ झालं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. साधं मशीन पायावर चालतं, घरगुती चार दोऱ्यांचं विजेशिवाय नुसता ठोकळा. छोटं तीन दोऱ्यांचं मात्र पायडलच्या स्टँडवर बसवता येतं. 9 हजारवाल्याला विचारा की स्टँडला पायडल आहे का, की मोटरपुरताच सांगाडा आहे. माझं मी पायडलवर घेतलं आणि मोटर नंतर लावली. पट्टा बदलला की दोन्हीवर चालतं.

तर ताई, आत्ता काय करायचं ते सांगते. एक वही घ्या आणि चतुर्थीपासून दिवाळीपर्यंत प्रत्येक कपड्याची नोंद करा: काय शिवलं, कसल्या कापडाचं, इंटरलॉकला किती दिले, किती दिवस थांबावं लागलं. त्याच काळात पॉपलीनचे गाऊन फ्रेंच शिवणीने शिवून बघा, गिऱ्हाईक काही म्हणतं का ते ऐका. माझा अंदाज, तुमचं मालवणला जाणं निम्म्यावर येईल आणि उरतील ते जॉर्जेटचे कपडे आणि मुंढे. वहीत महिन्याला पंधरा-वीसच्या वर कपडे दिसले, किंवा वाडीतल्या आणखी दोघी-तिघी शिवणाऱ्या तुमच्याकडे कडा घालायला द्यायला तयार झाल्या, तर तीन दोऱ्यांचं घ्या, बिनधास्त घ्या. तसं झालं तर तुम्ही स्वतःच इंटरलॉकवाल्या झालात. धंदा म्हणून नोंद करणार असाल तर ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात पीएम विश्वकर्माची चौकशी करा. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेली योजना आहे, 18 व्यवसायांत शिंपीकाम येतं, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंतची मदत आहे आणि कर्ज 5 टक्के व्याजाने. कुटुंबातल्या एकालाच मिळतं, आणि हौसेच्या शिवणाला नाही.

चार दोऱ्यांचं कुणी घ्यावं? जिच्या वहीत होजिअरी भरलेली आहे तिने, मुलांचे कपडे विकायला शिवणारीने. आणि जिला आतून दुकानातल्यासारखं बघून समाधान वाटतं आणि 24 हजार बाजूला पडलेत तिने. तिच्याशी मी वाद घालणार नाही, मी स्वतः त्याच कारणाने घेतलं होतं.

दुकानात जाल तेव्हा तुमच्याच कापडाचे तुकडे न्या. पॉपलीन, जॉर्जेट, आणि मुलीच्या जुन्या टी-शर्टची बाही. दुकानदार नेहमी जाड सुती पट्टीवर दाखवतो, त्यावर कुठलंही मशीन छान चालतं. जॉर्जेटची कड गुंडाळली जाऊन दोरीसारखी होते का बघा, टी-शर्टची लाट येते का बघा. सुई कुठल्या प्रकारची लागते ते विचारा, साध्या मशीनची चालेलच असं नाही, आणि ती मालवणात किंवा कुडाळात मिळते का ते तिथेच फोन करून खात्री करा. पात्याची जोडी वेगळी मिळते का, बिघडलं तर घरी कोण येणार, तेही बिलावर लिहून घ्या. मग त्याला सगळे दोरे काढायला सांगा आणि तुम्ही स्वतः ओवायला बसा. त्याला ते आवडणार नाही, तो म्हणेल घरी येऊन शिकवतो. बसून राहा. चष्मा मात्र न विसरता न्या, खालच्या लूपरचं भोक त्याशिवाय दिसायचं नाही.